पौषांतील शिवारपाहणी : परसांतील व शेतांतील वन्य जीव कसे पाहावे

पीकपाहणी म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पूर्वीं तलाठ्यानें बांधावर जाऊन ती करावी व गांव नमुना बाराला लिहावी, अशी वहिवाट होती. सन २०२१ पासून खातेदार स्वतःच मोबाइलवरून ती नोंदवूं लागला आहे. आमची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली व असले उतारे आम्हीं हजारोंनीं तपासले. त्यांत पीक असतें, पड असते, विहीर असते, बांधावरचीं झाडें असतात. परंतु त्याच जमिनीवर रात्रंदिवस वावरणारे जे दुसरे वहिवाटदार, म्हणजे पाखरें, उंदीर, साप, मुंगूस, कोल्हा, घुबड, त्यांचा रकाना कोणत्याहि नमुन्यांत नाहीं. यांपैकीं कोण आपल्या पिकाचा वाटेकरी आहे व कोण राखणदार आहे, हें न पाहतां आपण अंदाजानेंच एकास मारतों व दुसऱ्यास सोडतों. हा रकाना शेतकऱ्यानें स्वतःच आंखून घ्यावा, असें सुचविण्याकरितां हा पाठ लिहीत आहों. या अज्ञानापायीं आमचें स्वतःचें जें नुकसान झालें तेंहि पुढें लिहिलें आहे.

१. पौषच कां?

पाहणीस पौषासारखा महिना नाहीं, याचीं कारणें चार. पहिलें, दिवस लहान असतो. आमच्या श्रीपूर भागांत या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो व सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळांत मावळतो; म्हणजे उजेड अवघा अकरा तासांचा. रात्रभरच्या थंडींत पाखरांच्या अंगांतील ऊब खर्च होते व ती भरून काढण्यास वेळ थोडा. सबब उन्हें वर येतांच तीं भक्ष्याच्या मागें लागतात आणि माणसाची फारशी भीड धरीत नाहींत. दुसरें, सरडे व साप यांच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. ते सकाळीं बांधावर व दगडांवर ऊन घेत पडलेले सांपडतात. तिसरें, ऊसतोड चालूं असते. वर्षभराचा आडोसा एका दिवसांत मोडतो व त्यांतील बिऱ्हाडें उघडीं पडतात. चौथें, उत्तरेकडील पाहुणे या काळांत आपल्याकडे मुक्कामास असतात. उजनीचें धरण सन १९८० मध्यें पुरें झालें. त्या जलाशयावर हिंवाळ्यांत रोहित पक्षी व हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस उतरतात व ते पाहण्यास पुण्यामुंबईची मंडळी येतात. परंतु हिमालयापलीकडून येऊन आपल्याच गोठ्याच्या भिंतीवर बसणारा लहानसा पाहुणा घरच्या माणसांस ठाऊक नसतो.

२. साहित्य व रीत

साहित्य म्हणजे एक वही, एक पेन्सिल व एक घड्याळ. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास कांहीं अडत नाहीं. नांवें कळण्यास सलीम अली यांचें १९४१ सालीं प्रथम निघालेलें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध आहे. मराठींत मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ जवळ ठेवावा. चितमपल्ली सोलापूरचेच, जन्म १९३२. त्यांनीं वनखात्यांत नोकरी केली व फासेपारधी, गुराखी अशा रानांत वावरणाऱ्या लोकांच्या तोंडचीं नांवें गोळा केलीं. २०२५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली व त्याच वर्षीं सोलापूर येथें ते वारले. आपल्या गांवच्या म्हाताऱ्यांकडेहि असा शब्दसंग्रह आहे. तो त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वीं वहींत उतरवून घ्यावा.

रीतीचे नियम चारच आहेत. एक, जागा व वेळ ठरलेली असावी. आज विहिरीवर व उद्यां ओढ्यावर असें केल्यास तुलना होत नाहीं. सकाळीं साडेसात ते पावणेआठ ही पंधरा मिनिटें पुरेशीं आहेत. दोन, जें दिसलें तेंच लिहावें. असावें असें वाटलें तें लिहूं नये. तीन, नांव ठाऊक नसेल तर चिमणी, साळुंकी, कावळा व घार या चार मापांपैकीं कोणत्या मापाचें, रंग कोणता, शेपूट कशी हालवितें, जमिनीवर चालतें कीं उड्या मारतें, एवढें लिहावें. चार, कांहीं न दिसल्यास ‘निरंक’ असें लिहून तारीख घालावी. कचेरींत निरंक अहवालाची पुष्कळ थट्टा होते. परंतु निरंक नोंद हीहि नोंदच होय, हें आम्हांस पुढें चांगलें कळलें.

३. परस व अंगण

आरंभ घरापासून करावा. गोठ्याच्या भिंतीवर किंवा जळणाच्या राशीवर चिमणीएवढें एक काळें पाखरूं बसतें; पोट व शेपूट तांबूस, आणि शेपूट सारखी थरथरत असते. हा थिरथिरा. मादी काळी नसून मातकट असते. पावसाळा सरल्यावर हिमालय व त्यापलीकडच्या मुलखांतून तो येतो व उन्हाळा लागतां लागतां परत जातो. जमिनीवरील किडे, मुंग्या व कोळी हें त्याचें भक्ष्य. पाटाच्या कडेला शेपटी खालींवर आपटीत तुरुतुरु चालणारा तो धोबी. यालाच कोणी परीट म्हणतात. कांठच्या दाट गवतांत गळ्यावर निळा पट्टा असलेला शंकर लपतछपत हिंडतो. हे तिन्ही पाहुणे कीटकांवर जगतात. आपलें दाण्याचें नुकसान करीत नाहींत.

घरच्यांपैकीं सातभाईंकडे कान असूं द्यावा. ही सात-आठांची टोळी पेरूखालीं पाचोळा उलथीत असते. ती एकाएकीं एका जागेभोंवतीं गोळा होऊन कलकलाट करूं लागली, तर तेथें साप, मांजर किंवा मुंगूस आहे असें समजावें. मुलांना त्या बाजूस जाऊं देऊं नये व स्वतः काठी घेऊन, लांबूनच पाहावें. पौषांत ही सूचना विशेष उपयोगाची आहे. कारण घोणस या जातीच्या सापांचा मिलनकाळ हिंवाळ्यांतच असतो व एरवीं रात्रीं फिरणारा हा साप या दिवसांत सकाळच्या उन्हांतहि आढळतो. सर्पदंश झाल्यास मंत्र-तंत्रांत वेळ घालवूं नये, दंशाची जागा कापूं नये, माणसाला चालवूं नये. थेट प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयांत न्यावें.

चिमण्यांकरितां जुन्या घरांतून ओसरीला ज्वारीचीं कणसें टांगीत. स्लॅबच्या घरांत आढें नाहीं, म्हणून घरट्यास जागाहि नाहीं. भिंतीला एखादें खोकें व खालीं पाण्याची परळ, एवढें कोणासहि करतां येईल.

४. ज्वारी व भोरड्या

आमच्या जिल्ह्याचें नांव ज्वारीनें आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रांतून निघालेली मालदांडी आजहि आपल्या रानांत उभी असते. ती हुरड्यास आली कीं भोरड्यांचे थवे उतरतात. अंग गुलाबी, डोकें, पंख व शेपूट काळें, माप साळुंकीचें. हा पक्षी पूर्व युरोप व मध्य आशियांतील माळांवर वीण करतो व तेथें त्याचें मुख्य अन्न टोळ व नाकतोडे हें असतें. म्हणजे जो तेथें शेतकऱ्याचा राखणदार, तोच आपल्याकडे हुरड्याचा वाटेकरी होतो. पुढें पळस, पांगारा व काटेसावर फुलल्यावर तो मधाकडे वळतो आणि त्या फुलांच्या परागीकरणास मदत करतो.

भोरडीनें नुकसान होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. होतें, व थवा मोठा असेल तर पुष्कळ होतें. परंतु किती होतें हें मोजल्यावांचून आरडाओरड करण्यांत अर्थ नाहीं. मोजण्याची रीत सोपी आहे. शेताच्या चारी कडांनीं मिळून शंभर व मध्यभागीं शंभर अशीं कणसें चालतां चालतां न निवडतां पाहावीं. प्रत्येकाचे दाणे रुपयांत किती आणे गेले तें लिहावें व सरासरी काढावी. ही पाखरांची आणेवारीच होय. झाडांजवळची कड व उघडी कड यांची वेगवेगळी सरासरी काढल्यास राखण कोठें बसवावी हेंहि कळतें. आमच्या रानांत ओढ्याकाठच्या बाभळींलगतच्या कडेला नुकसान अधिक निघालें व मध्यभागीं फार थोडें. तेव्हां माळा मध्यभागून काढून त्या कडेला घातला. गोफण व पत्र्याचा डबा हीं साधनें सकाळचे पहिले दोन तास व सायंकाळचे शेवटचे दोन तास चालवावीं. विष घालणें हा मूर्खपणा आहे. त्यानें साळुंक्या, होले, चिमण्या व मोर मरतात, आणि भोरड्यांचा दुसरा थवा उद्यां येतोच.

५. हरभरा

हरभऱ्यांत याच्या उलट हिशेब दिसतो. आभाळ आलें कीं घाटेअळी वाढते. ओळीच्या एका मीटरांत एक-दोन अळ्या दिसूं लागल्या म्हणजे उपायाची वेळ आली, असें कृषि खातें सांगतें. परंतु अळ्या मोजतांना त्या शेतांत कोण उतरलें आहे तेंहि मोजावें. साळुंक्या, गाय बगळे, कोतवाल व नीळकंठ हे चौघेहि अळीखाऊ आहेत. कोतवाल व नीळकंठ यांना टेहळणीस उंच जागा लागते. म्हणून एकरीं वीसएक पक्षीथांबे, म्हणजे इंग्रजी टी या अक्षराच्या आकाराच्या काठ्या, पिकाहून हातभर उंच रोंवाव्या, अशी शिफारस आहे. पेरणीच्या वेळीं हरभऱ्यांत ज्वारीचे थोडे दाणे टाकतात तेंहि याचकरितां. तीं धाटें पाखरांस बसण्यास होतात. थांबे घातल्यावर पंधरा मिनिटांत किती वेळां पाखरूं अळी उचलून पुन्हां थांब्यावर आलें, हें एका मुलास मोजावयास लावावें. मुलें हें काम आपल्यापेक्षां चोख करतात. दाणे भरून पक्व होऊं लागले म्हणजे मात्र थांबे काढून घ्यावे, नाहींतर त्याच काठीवर दाणेखाऊहि बसतात.

६. उसाचा फड

फड तुटत असतां बगळे व साळुंक्या तोडकऱ्यांच्या मागें चालतात, तें उघड्या पडलेल्या किड्यांकरितां. फडाच्या मध्यभागीं कधीं कधीं मांजराचीं पिल्लें निघतात. तीं बहुधा रानमांजराचीं असतात. त्यांना बिबट्याचीं समजून गांवभर गलका होतो, व पिल्लें घरीं आणून दूध पाजण्यांत बहुधा मरतात. पिल्लांना हात लावूं नये. तेवढा तुकडा तोडावयाचा थांबवून वनखात्यास कळवावें. पिल्लें जागच्या जागीं राहिल्यास आई रात्रीं येऊन घेऊन जाते. रानमांजर उंदरांवर जगतें, हें लक्षांत ठेवावें.

पिल्लें खरोखरीच बिबट्याचीं असूं शकतात, हेंहि तितकेंच खरें. बिबट्या आतां उसांत राहतो. डिसेंबर २०२० मध्यें शेजारच्या करमाळा तालुक्यांत माणसें मारणाऱ्या एका बिबट्यास शेवटीं ठार करावें लागलें. सबब भल्या पहांटे पाणी धरण्यास एकट्यानें जाऊं नये, विजेरी व सोबत असावी, आणि ओल्या मातींत पावलाचा ठसा दिसल्यास त्याशेजारीं पेन्सिल ठेवून छायाचित्र काढावें. नखांच्या खुणा उमटल्या असतील तर तें पाऊल बहुधा कुत्र्याचें, कोल्ह्याचें किंवा तरसाचें. मांजरकुळाचीं नखें चालतांना आंत असतात.

पाचटाला काडी लावण्याची चाल सोडावी. त्या आगींत सरडे, बेडूक व अंड्यांवरील पाखरें जळतात आणि जमिनीचा सेंद्रिय अंश जातो. उलट सरींत पसरलेलें पाचट ओल धरून ठेवतें.

७. रात्रीची पाहणी व आमची चूक

आतां मुख्य गोष्ट. आमच्या जुन्या वाड्याच्या पडक्या बाजूस, भिंतीच्या कोनाड्यांत गव्हाणी घुबडांची जोडी असे. तोंड बदामाच्या आकाराचें व पांढरें, आवाज घशांतून काढलेल्या फुत्कारासारखा. शेजारची मंडळी म्हणत, घुबड म्हणजे अवदसा; हांकून द्या. आम्ही हांकलें नाहीं, पण त्याच्याकडे लक्षहि दिलें नाहीं. सन २०१९ च्या हिंवाळ्यांत उंदरांनीं खोडव्यांत व कणगींत फार धुमाकूळ घातला. आम्ही बाजारांतून ब्रोमॅडिओलोनच्या वड्या आणल्या. कांहीं बिळांत घातल्या व घाई म्हणून कांहीं उघड्या बांधावर टाकल्या. पुडक्यावरील सूचना वाचल्या नाहींत. जन्मभर दुसऱ्यांस ‘अर्जाच्या मागील बाजूस छापलेल्या अटी वाचा’ असें सांगणाऱ्या माणसानें हें केलें, याची आजहि लाज वाटते.

हें विष उंदरास लगेच मारीत नाहीं. रक्त गोठण्याची शक्ति नाहींशी करून कांहीं दिवसांनीं मारतें. तोंवर उंदीर सुस्त होऊन उघड्यावर रेंगाळतो व त्याच्या काळजांत विष सांचलेलें असतें. असा उंदीर घुबडास आयताच मिळतो. सातव्या-आठव्या दिवशीं सकाळीं गोठा झाडतांना आमच्या कुटुंबास एक घुबड पंख पसरून मेलेलें दिसलें. पुढें चार दिवसांनीं दुसरें. शवाची तपासणी आम्हीं करविली नाहीं, त्यामुळें तीं विषानेंच मेलीं असा पुरावा आमच्याजवळ नाहीं. परंतु आमचा स्वतःचा निकाल आमच्याविरुद्ध आहे. उंदीर त्या महिन्यांत कमी झाले. पुढील पौषांत होते तितकेच झाले. उंदीर वर्षांतून अनेक वेळां विते. घुबडाची पिढी इतक्या लौकर उभी राहत नाहीं.

त्या घुबडांची योग्यता आम्हांस तीं गेल्यावर कळली. घुबड भक्ष्य जवळजवळ सगळेंच गिळतें व न पचलेलीं हाडें आणि केंस यांची काळसर गुठळी तोंडावाटे टाकतें. कोनाड्याखालीं अशा गुठळ्या पडलेल्या होत्या. त्यांतील दहा आम्हीं कोमट पाण्यांत भिजवून, हातमोजे घालून, सुईनें उकलल्या. एकोणीस कवट्या निघाल्या. त्यांपैकीं सतरांचे पुढचे दांत पिंवळट व पटाशीसारखे, म्हणजे उंदरांचे. दोन टोंकदार दांतांच्या चिचुंद्र्यांच्या. पाखराची एकहि नव्हती. हा पंचनामा मालक हयात असतां केला असता तर विषाची पुडी घरांत आलीच नसती.

त्यानंतर आम्हीं तीन गोष्टी केल्या. विष बंद केलें. जिवंत बिळें मोजण्यास लागलों. सायंकाळीं बांधावरचीं सर्व बिळें मातीनें बुजवावीं व सकाळीं जितकीं उकरलेलीं दिसतील तितकींच वापरांतील समजावीं. तेवढींच खणून व सांपळे लावून उंदीर धरले, आणि शेजारच्या चार खातेदारांनीं तें काम एकाच आठवड्यांत केलें. एकट्याच्या शेतांत उंदीर मारून उपयोग नसतो. तिसरें, गोठ्याच्या आढ्याला फळ्यांची एक पेटी टांगली. लांबी दीड हात, रुंदी व उंची हातभर, तोंड वितीहून थोडें कमी.

पेटीखालची नोंद आम्ही दर रविवारीं ठेवीत असूं. पहिला हिंवाळा निरंक. दुसरा निरंक. तिसरा निरंक. कुटुंबानें म्हटलें, पेटींत कांदे तरी ठेवूं. चौथ्या पौषांत, संक्रांतीनंतरच्या रविवारीं, जमिनीवर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ व एक ताजी गुठळी मिळाली. तींत दोन उंदीर होते. त्या दिवसाची नोंद लाल पेन्सिलीनें केली आहे. तीन हिंवाळ्यांच्या निरंक नोंदी नसत्या, तर त्या एका गुठळीची किंमत आम्हांस कळली नसती.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. घुबड, मुंगूस, नाग, घोणस हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित आहेत. त्यांना मारणें, धरणें किंवा विकणें हा गुन्हा आहे. अमावास्येच्या पूजेकरितां घुबड मागणारा कोणी गांवांत आल्यास त्याला दाराशीं उभा करूं नये.

८. नोंद न ठेवल्याचें फळ

सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोकाकरितां १९७९ सालीं अभयारण्य झालें. एके काळीं आपल्या जिल्ह्यांतील माळांवर हा मोठा पक्षी नित्याचा होता. आतां त्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे. माळ गेला, विहिरी झाल्या, तारा आल्या, शिकार झाली. हें सर्व हळूहळू झालें व गांवांगांवांतून ‘यंदा दिसला नाहीं’ अशी नोंद कोणी केली नाहीं. आज चिमणी, पिंगळा, नीळकंठ, कापशी हे आपल्या बांधावर आहेत. ते आहेत तोंवरच मोजावयाचे आहेत.

९. या महिन्याचा अभ्यास

(१) आपल्या विहिरीवर किंवा गोठ्याजवळ सलग पंधरा दिवस, सकाळीं पंधरा मिनिटें पाहणी करून नोंद करावी. नमुना : तारीख, वेळ, थंडी व आभाळ, कोण दिसलें, किती, काय करीत होतें, पीक कोणतें.

(२) ज्वारीच्या दोनशें कणसांची वर लिहिल्याप्रमाणें आणेवारी काढावी.

(३) एका बांधावरचीं जिवंत बिळें दोन वेळां, पंधरा दिवसांच्या अंतरानें, मोजावीं.

(४) घुबड किंवा पिंगळा कोठें राहतो तें शोधून त्याखालील गुठळ्या पाहाव्या. घरट्याजवळ मात्र चढूं नये व विजेरी डोळ्यांवर मारूं नये. तें झाड तोडावयाचें ठरलें असेल तर या पाहणीनंतर पुन्हां एकदां विचार करावा.

(५) घरांतील सर्वांत वृद्ध माणसास विचारून, पूर्वीं दिसत असे व आतां दिसत नाहीं अशा पांच जीवांचीं नांवें लिहावीं.

नोंदी सुवाच्य अक्षरांत ठेवून संघाच्या पुढील बैठकीस आणाव्या. दहा खातेदारांच्या वह्या शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे, उंदरांवर सर्वांनीं मिळून केव्हां व कोठें काम करावें हें ठरवितां येईल. आणि ज्यांनीं विषाच्या पुड्या आणून ठेवल्या आहेत त्यांनीं ती बैठक होईपर्यंत तरी त्या फोडूं नयेत, अशी आमची विनंति आहे.